यूजरनेममध्ये कोणती अक्षरं चालू द्यावीत?

प्रश्न असा आहे. निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या द्राक्ष बागायतदारांच्या एका उत्पादक कंपनीचं सभासद पोर्टल तयार होतंय. काम अंबडच्या एका छोट्या टीमकडे आहे. सभासदाला मराठी नावानं लॉगिन करता आलं पाहिजे, असा संचालकांचा आग्रह आहे. टीममधल्या एकाचं म्हणणं, इंग्रजी अक्षरं आणि आकडे सोडून काही घेऊच नका. दुसऱ्याचं म्हणणं, मोबाइल नंबर घ्या आणि विषय संपवा. शेवटी विचारलंय: वेब लॉगिनच्या यूजरनेमबद्दल काही अधिकृत स्टँडर्ड आहे का, आणि नसेल तर काय ठरवावं?

सगळ्यांना लागू पडेल असं एक स्टँडर्ड नाही. लॉगिनचा फॉर्म तुमचा, त्यातली चौकट तुमची, आणि तिच्यात काय लिहावं याबद्दल एचटीएमएल काही बोलत नाही. बंधनं येतात ती आजूबाजूच्या गोष्टींमुळे. बेसिक ऑथेंटिकेशन (ब्राउझरची स्वतःची साधी लॉगिन पद्धत), ईमेल, एलडॅप (संस्थेतल्या खात्यांची सामाईक नोंदवही), डेटाबेस, पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या कुलपानं लॉगिन) या प्रत्येकाची आपापली अट असते. म्हणून कोणती अक्षरं चालतील याच्या आधी दुसरा प्रश्न सोडवा: दोन माणसांनी टाइप केलेलं नाव एकच आहे, हे तुमची सिस्टीम कशावरून ठरवणार? हे नक्की झालं की अक्षरांची यादी जवळजवळ आपोआप तयार होते. उलट्या क्रमानं गेलात तर यादी कितीही कडक असली तरी घोळ होतोच.

सगळ्यात स्पष्ट बंदी बेसिक ऑथेंटिकेशनमध्ये आहे. ते आरएफसी ७६१७ मध्ये लिहिलंय, साल २०१५ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम सांगणारे क्रमांकित दस्तऐवज). ब्राउझर यूजरनेम, मग कोलन, मग पासवर्ड अशी ओळ करतो आणि ती बेस-६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षर-आकड्यांच्या सांकेतिक रूपात, पाठवतो. सर्व्हर पहिल्या कोलनपाशी ती तोडतो. त्यामुळे यूजरनेममध्ये कोलन चालत नाही, पासवर्डमध्ये चालतो. कंट्रोल कॅरेक्टर, म्हणजे टॅब-एंटरसारखी न छापली जाणारी चिन्हं, दोन्हीकडे बाद. हे कोरडं वाटतं, पण मराठीत याला एक खास पदर आहे. आपल्याकडे विसर्गाऐवजी कोलन टाइप करायची सवय सर्रास दिसते. त्र्यंबकेश्वर ज्या जिल्ह्यात आहे तिथं कुणीतरी "नमःशिवाय" हे यूजरनेम घेणारच, आणि निम्मे लोक ते "नम:शिवाय" असं टाइप करणार. डोळ्याला दोन्ही सारखंच. बेसिकच्या ओळीत मात्र दुसऱ्या माणसाचं यूजरनेम "नम" एवढंच उरतं आणि "शिवाय" पासवर्डच्या डोक्यावर जाऊन बसतं. देवनागरी अक्षरानंतर लगेच आलेला कोलन विसर्ग समजून बदलायचा की चूक दाखवायची, हे तुम्ही ठरवा. मी बदलतो, कारण माणसाला तिथं विसर्गच हवा असतो.

आमच्याकडे बेसिक नाही, असं म्हणाल. आज नसेल. उद्या शीतगृहाच्या वजनकाट्याचा डेटा ओढायला कुणी एपीआय (एका प्रोग्रामनं दुसऱ्याशी बोलायची सोय) मागेल, किंवा चाचणीचा सर्व्हर बेसिकच्या कुलपामागे जाईल. कोलन कायमचा बंद ठेवा.

त्याच आरएफसीत आणखी एक कामाची गोष्ट आहे. १९९९ च्या जुन्या आरएफसी २६१७ मध्ये अक्षरं बाइटमध्ये कशी बदलायची हे सांगितलंच नव्हतं, म्हणून इंग्रजीबाहेरचं नाव वेगवेगळे ब्राउझर वेगवेगळं पाठवायचे. नव्या आरएफसीनं कॅरेक्टर-सेटसाठी यूटीएफ-८ (युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची क्रमांकवार यादी, बाइटमध्ये लिहायची पद्धत) हा एकच पर्याय ठेवला, नाव एनएफसी रूपात (एकच अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं तेव्हा युनिकोडनं ठरवून दिलेलं एक रूप) यावं असं म्हटलं, आणि कोणती अक्षरं स्वीकारायची यासाठी प्रेसिस या नियमावलीकडे बोट दाखवलं. तुम्ही विचारलेल्या स्टँडर्डच्या सगळ्यात जवळ जाणारं काही असेल तर ते हे प्रेसिसच. सध्याचा मजकूर आरएफसी ८२६५, साल २०१७. त्याआधी याच कामाचे सासलप्रेप नावाचे नियम होते, ते युनिकोडच्या ३.२ या जुन्या आवृत्तीला बांधलेले, म्हणून मागे पडले.

प्रेसिसचं म्हणणं थोडक्यात असं. कुठल्याही लिपीची अक्षरं, मात्रा-वेलांट्या आणि आकडे चालतात. कीबोर्डवरची साधी इंग्रजी चिन्हं चालतात. स्पेस नाही, इमोजी नाहीत, बाकीची चिन्हंही नाहीत. नाव एनएफसी रूपात आणायचं. लहान-मोठी इंग्रजी अक्षरं एकच मानायची असतील तर एक प्रोफाइल (तयार नियमसंच) आहे, वेगळी ठेवायची असतील तर दुसरं. तुम्ही पहिलंच घ्या. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपणहून मोठं करतो आणि सभासद "पासवर्ड चुकतोय" म्हणून फोन करत राहतो. इनपुटला ऑटोकॅपिटलाइझ बंद करा, स्पेलचेक बंद करा आणि ऑटोकम्प्लीटमध्ये यूजरनेम लिहा. तक्रारीचे निम्मे फोन तिथंच थांबतात.

आता देवनागरीची खरी अडचण. मराठी वाचकाला ती एका आडनावातून समजेल: कुऱ्हाडे. यातला ऱ्ह संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, युनिकोड क्रमांक ०९३१, त्यापुढे हलन्त, त्यापुढे ह. दोन, साधा र, हलन्त, मग डोळ्याला न दिसणारं जोडचिन्ह म्हणजे झिरो-विड्थ जॉइनर, मग ह. कोणता कीबोर्ड कोणता क्रम देतो याचा वापरणाऱ्याला पत्ता नसतो. पडद्यावर दोन्ही "कुऱ्हाडे". ऑफिसमधल्या क्लार्कनं एका पद्धतीनं खातं उघडलं, सभासदानं घरी फोनवर दुसऱ्या पद्धतीनं टाइप केलं, की उत्तर येतं: असा वापरकर्ता नाही. क्लार्क स्वतःच्या मशीनवर तपासतो तेव्हा सगळं चालतं, म्हणून तो शपथेवर सांगतो की सभासदच चुकतोय.

एनएफसी लावल्यावर हे सुटेल असं वाटतं, पण सुटत नाही. एनएफसी "र आणि खाली नुक्ता" या जोडीचा ऱ करतं, कारण युनिकोडच्या दृष्टीनं ते दोन्ही एकच. जोडचिन्हवाल्या रूपाला मात्र ते हात लावत नाही. प्रेसिससुद्धा ते अडवत नाही, कारण हलन्तानंतर आलेला झिरो-विड्थ जॉइनर त्याच्या नियमात वैध आहे. बाकी कुठेही आलेला वैध नाही, आणि हे बरोबर आहे. नाहीतर नावाच्या मध्ये अदृश्य चिन्ह घुसवून कुणीही दुसऱ्याची हुबेहूब नक्कल केली असती. म्हणजे स्टँडर्ड पाळूनही कुऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे ही मंडळी बाहेरच राहतात. त्यांच्यासाठी एक ओळ तुम्हालाच लिहावी लागेल: र, हलन्त, जॉइनर असा क्रम दिसला की त्याचा ऱ आणि हलन्त करा.

"ॲ" चंही तसंच आहे. ॲग्रो हा शब्द आपल्याकडे दर दुसऱ्या दुकानाच्या पाटीवर आहे, तेव्हा यूजरनेममध्ये तो येणारच. ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीपासून लोक अ काढून त्यावर अर्धचंद्र देतात आणि आजही देतात. ही दोन रूपंसुद्धा एनएफसी एक करत नाही. इथंही बदल तुमचाच. पण इथंच थांबा. नाशिक आणि नासिक एक मानायला जाऊ नका, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालू नका. तो शोधाचा विषय आहे, ओळख पटवण्याचा नाही.

आकडे राहिले. "सुरेश७" मधला सात मराठीतला आहे की इंग्रजीतला, यानं खातं बदलू नये. युनिकोडचं कुठलंच सामान्यीकरण देवनागरी आकड्यांचे इंग्रजी आकडे करत नाही, ते आपण करायचं. आणि सावध राहा, पायथनमध्ये "कोणताही आकडा" या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुराचा साचा तपासणाऱ्या सूत्रात) देवनागरी आकडे बसतात, जावास्क्रिप्टमध्ये बसत नाहीत. एकच नियम दोन्हीकडे लिहिलाय असं समजून चालाल तर फॉर्म एक म्हणेल आणि सर्व्हर दुसरं.

याच जातीचा आणखी एक खड्डा जँगोत, म्हणजे पायथनमधल्या वेबसाइट बनवायच्या साधनात, आहे. तुमची टीम बहुधा जँगोच वापरत असेल म्हणून सांगतो. त्याच्या नेहमीच्या यूजरनेम तपासणीत युनिकोड अक्षरं चालतात असं लिहिलेलं असतं आणि लांबी १५० पर्यंत. तपासणीत वापरलाय तो बॅकस्लॅश डब्ल्यू, म्हणजे कोणतंही अक्षर किंवा आकडा चालेल असं सूत्र. पायथनचा अशी सूत्रं चालवणारा मूळचा आरई मॉड्यूल मात्रा, वेलांटी, हलन्त, अनुस्वार यांना अक्षर मानत नाही. म्हणजे "कमल" पास होतं, "नयन" पास होतं, आणि "सुरेश" नापास. चाचणीत कुणी कमल टाकून पाहिलं की मराठी चालतं असा शेरा बसतो. स्वतःची तपासणी लिहा, आणि तिच्यात अक्षर, मात्रा व आकडा या तिन्ही वर्गांची नावं स्पष्ट घ्या. जावास्क्रिप्टमध्ये हे वर्ग २०१८ पासून मिळतात, पायथनमध्ये रेजेक्स नावाचं वेगळं पॅकेज आहे.

आता हे सगळं ठेवायचं कुठे? टेबलात दोन रकाने करा. एकात सभासदानं जसं लिहिलं तसं नाव, दाखवण्यासाठी. दुसऱ्यात तुलनेची किल्ली: कडेच्या स्पेस काढलेली, एनएफसी केलेली, इंग्रजी अक्षरं लहान केलेली, कोलन, ऱ, ॲ आणि आकड्यांचे वर सांगितलेले बदल झालेली. युनिक इंडेक्स (एकच मूल्य दोनदा न घेण्याची डेटाबेसची अट) किल्लीवर, शोध किल्लीवर, पासवर्ड रीसेटसुद्धा किल्लीवरच. किल्ली बनवणारं फंक्शन एकच असावं आणि सगळीकडून तेच बोलवावं.

त्या फंक्शनची एक परीक्षा घ्याच. एकदा लावल्यावर जे उत्तर आलं त्यावर पुन्हा लावलं तर तेच उत्तर आलं पाहिजे. स्पॉटिफायला २०१३ मध्ये नेमकं हे नडलं. लहान वर उचललेल्या अक्षरांत कुणी "बिगबर्ड" असं नाव घेतलं. फंक्शन पहिल्यांदा चालल्यावर त्याची मोठी इंग्रजी अक्षरं झाली, म्हणून नोंदणीच्या वेळी ते नवं नाव वाटलं. दुसऱ्यांदा चालल्यावर लहान अक्षरं झाली, आणि ते आधीपासून असलेल्या बिगबर्डचं खातं निघालं. नव्या खात्यासाठी मागितलेल्या रीसेट लिंकनं जुन्या माणसाचा पासवर्ड बदलला. दोनदा लावून वेगळं उत्तर येणारं नाव नोंदणीतच नाकारा, चार ओळींचं काम आहे.

डेटाबेसचं मत वेगळं पडू शकतं, हेही ध्यानात ठेवा. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या कोलेशनमध्ये, म्हणजे मजकूर तुलनेच्या नियमांत, नावामागची स्पेस मोजली जात नाही, काही कोलेशन स्वरांवरची चिन्हं सोडून देतात. कोड म्हणतो दोन नावं, डेटाबेस म्हणतो एक, किंवा उलट. किल्लीच्या रकान्याला बायनरी कोलेशन (बाइटला बाइट तुलना) द्या म्हणजे निर्णय एकाच ठिकाणी राहील. स्ट्रिक्ट मोडही चालू ठेवा. तो बंद असला की मायएसक्यूएल लांब नाव गुपचूप कापून साठवतं, आणि "अ‍ॅडमिन, पुढे भरपूर स्पेस, शेवटी एखादं अक्षर" अशी जुनी युक्ती चालून जाते.

लांबी मोजताना "त्र्यंबक" समोर ठेवा. डोळ्याला तीन अक्षरं, युनिकोडला आठ चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये चोवीस बाइट. तुम्ही "किमान तीन, कमाल वीस" म्हणता तेव्हा यातलं काय मोजताय ते ठरवा. मी चिन्हं मोजतो आणि मर्यादा सैल ठेवतो. पासकी देणार असाल तर वेबऑथएन या पासकीच्या स्टँडर्डमध्ये आणखी एक अट आहे: ऑथेंटिकेटर (पासकी सांभाळणारा फोन किंवा उपकरण) नाव ६४ बाइटपर्यंत कापू शकतो. "त्र्यंबकरावकुऱ्हाडे१९७२" ६९ बाइट भरतं, म्हणजे जन्मसालाचे शेवटचे आकडे गेले. काही बिघडत नाही, कारण तिथं ओळख पटते ती यूजर हँडलवरून. ते ६४ बाइटपर्यंतचं अर्थहीन मूल्य असतं आणि त्यात नाव, फोन, ईमेल घालू नये असं स्टँडर्डच सांगतं.

मोबाइल नंबरवर विषय संपत नाही. एका घरात वडील, दोन मुलं आणि सून मिळून चार सभासद असतात आणि फॉर्मवर नंबर एकाचाच. शिवाय बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते. ओटीपी पाठवायला नंबर जरूर घ्या, ओळख म्हणून नको. ईमेलचं म्हणाल तर ग्रामीण सभासदांकडे तो बहुधा मुलानं काढून दिलेला असतो, पासवर्ड मुलालाच माहीत. तरी घेणार असाल तर @ च्या आधीच्या भागात अधिकचं चिन्ह आणि अपोस्ट्रॉफी चालू द्या, दोन्ही पूर्ण वैध आहेत. एचटीएमएलचा ईमेलचा चौकोन देवनागरी पत्ता घेत नाही, जरी २०१२ च्या आरएफसी ६५३१ पासून मेल पाठवण्यात तो चालतो.

तर तुमच्यासाठी माझं म्हणणं असं. सभासद क्रमांकानं लॉगिन सगळ्यांना, कारण तो भागपत्रावर छापलेला आहे. त्याशिवाय ज्याला हवं त्यानं यूजरनेम घ्यावं, आणि ते मराठीत असायला माझी हरकत नाही. सातबाऱ्यावर ज्याचं नाव मराठीत आहे त्याला इंग्रजी स्पेलिंग पाठ करायला लावण्यात काही शहाणपण नाही. अट एवढी की नाव सगळं देवनागरीत किंवा सगळं इंग्रजीत, भेसळ नको, कारण दिसायला सारख्या अक्षरांची फसवणूक भेसळीतच होते. सुरुवात अक्षरानंच झाली पाहिजे. आकड्यानं सुरू होणारं नाव चालू दिलंत तर कुणीतरी दुसऱ्याचा सभासद क्रमांकच यूजरनेम म्हणून घेईल. @ याच कारणानं नाही, नाहीतर कुणी दुसऱ्याचा ईमेलच यूजरनेम म्हणून घेईल. चिन्हांमध्ये टिंब, आडवी रेघ आणि अंडरस्कोअर, तीही मध्येच, लागोपाठ दोन नाहीत. प्रेसिस याहून जास्त देतं, पण आज बंद ठेवलेलं उद्या उघडता येतं, उघडलेलं बंद करता येत नाही. गिटहब तर इंग्रजी अक्षरं, आकडे आणि एकेरी रेघ यांवर ३९ अक्षरांत भागवतं.

एकेरी अवतरणचिन्ह एसक्यूएल इंजेक्शनच्या (चौकटीतून डेटाबेसला आज्ञा घुसवण्याच्या) भीतीनं बंद करत असाल तर ते संरक्षण नव्हे. क्वेरी पॅरामीटर लावूनच लिहा, म्हणजे टाइप केलेला मजकूर आज्ञेपासून वेगळा राहतो. एलडॅपला जोडणार असाल तर कंस, तारा आणि बॅकस्लॅश तिथं जाताना एस्केप करा, म्हणजे ती आज्ञा नसून साधा मजकूर आहे अशी खूण करा.

राखीव नावांची यादी लागेल: अॅडमिन, सपोर्ट, आणि १९९७ च्या आरएफसी २१४२ मधली पोस्टमास्टर, अब्यूज, सिक्युरिटी वगैरे. ती करताना "पगार" हा शब्द कुणीतरी हमखास टाकतो, वेतनाचं पान म्हणून. कळवण-सटाण्याकडे ते आडनाव आहे. वेतनाच्या पानाचा पत्ता बदला.

पासवर्डला यातलं काही लावू नका. लहान अक्षरं करणं नाही, आकडे बदलणं नाही, कडेच्या स्पेस काढणं नाही. त्याला प्रेसिसमध्ये वेगळं प्रोफाइल आहे, ते एनएफसी करतं आणि निरनिराळ्या प्रकारच्या स्पेसच्या जागी साधी स्पेस ठेवतं, बस.

अक्षरांची तपासणी फक्त नोंदणीच्या वेळी करा. लॉगिनच्या वेळी किल्ली बनवा आणि शोधा, इतकंच. पुढच्या वर्षी नियम बदललात आणि तपासणी लॉगिनवरही बसवलेली असली, तर जुना सभासद बरोबर नाव टाकूनही दारातच अडकेल, आणि तेही ऐन काढणीत. नाव सापडलं नाही किंवा पासवर्ड चुकला, दोन्हीला संदेश एकच द्या.

आधीच्या एक्सेलमधून सभासद आयात करणार असाल तर पोर्टल उघडण्यापूर्वी सगळ्या नावांवर किल्लीचं फंक्शन चालवून पाहा. जिथं दोन ओळींची किल्ली एक येते तिथं एकच माणूस दोनदा नोंदलेला असतो किंवा खरोखर दोन नामसाधर्म्याचे सभासद असतात. हे स्क्रिप्टला ठरवू देऊ नका. यादी छापून पिंपळगावच्या ऑफिसला द्या, तिथल्या माणसाला दोन्ही बागा माहीत असतात.